क्लच तुझ्याकडे, रेस माझ्याकडे

प्रल्हाद, काल तुझी तेरवी झाली. अमडापुरात तुझ्या अंगणात मांडव होता, पंगत बसली होती, आणि वाढायला घेणार इतक्यात तुझ्या थोरल्या भावानं मला सगळ्यांसमोर उभं केलं. म्हणाला, हा त्याचा दोस्त, जन्मभर बाजूच्या सीटवर बसला, यानं दोन शब्द बोलावे. मला म्हणे, दोन शब्द. मांडवातल्या अर्ध्या लोकांनी तिथंच ओळखलं की आता वरण गार होणार.

मी बोललो. सोयाबीनच्या वावरात रुतलेला ट्रॅक्टर काढायला गेलो आणि आपलाच ट्रक रुतला, ती गोष्ट सांगितली. तू स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसून राहिलास आणि मी गावातून बैलजोडी मागून आणली, तेही सांगितलं. मिलिटरीच्या गाडीला बैल जुंपणारे हीच त्या गावात आपली अजून ओळख आहे, तेसुद्धा. लोक हसले. तेरवीच्या मांडवात हसायचं की नाही हे लोकांना ठरवता येईना, म्हणून ते खाली पत्रावळीकडे बघून हसले. तुझी बहीण पदरात तोंड घालून हसली आणि त्याच पदरानं तिनं डोळे पुसले.

दवाखान्यातलं मात्र मी सांगितलं नाही.

ते तीन माणसांनी पाहिलं. तुझ्या बायकोनं म्हणजे सुमनवहिनींनी, मी, आणि शेजारच्या खाटेवरच्या पाय मोडलेल्या म्हाताऱ्यानं. चौथा तू. पण तू तिथं होतास की नव्हतास हेच मला अजून नक्की ठाऊक नाही. असशील, तर पुढचं सगळं तुला माहीतच आहे, तू नुसता ऐक आणि माझ्या चुका काढ. नसशील, तर कुणीतरी तुला सांगायला हवं, आणि सांगायचं काम आपल्या दोघांत नेहमी माझंच होतं.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं मागचं सांगतो. तू तोवर सुपारी कातर.

तू फौजेत ड्रायव्हर होतास. पेन्शनीवर घरी आलास, काही दिवस शहाण्यासारखं वावर पाहिलंस, आणि मग कुठंतरी लिलावात जुने मिलिटरी ट्रक निघाल्याचं तुझ्या कानावर आलं. त्यातला एक चालवतच तू परत आलास. फौजेचा हिरवा रंग बाहेर चालत नाही म्हणून त्याला पिवळा दिलास, मागं क्रेन बसवलीस, आणि चिखलीत माझ्या बॅटरीच्या दुकानासमोर आणून उभा केलास. पिवळा जिथं खरवडला जाई तिथं आतून हिरवा दिसे. लोक त्याला रणगाडा म्हणायला लागले. उलटलेले ट्रक, नाल्यात गेलेल्या जीपा, चिखलात बसलेले ट्रॅक्टर, कुणाचं काही अडलं की फोन माझ्या दुकानात यायचा, कारण बोलायचं काम माझं. चालवायचं काम तुझं. साखळी दोघांनी अडकवायची, आणि ती अडकवेपर्यंत जमलेल्या गर्दीचं मन रमवायचं काम परत माझं.

रणगाड्याचा गिअरबॉक्स जुन्या वळणाचा होता. आताच्या गाडीत क्लच एकदा दाबला की गिअर पडतो. आतली दातेरी चाकं आपला वेग आपण जुळवून घेतात, ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. रणगाड्यात ते जुळवायचं काम माणसाचं. क्लच दाबायचा, गिअर काढून न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा. खालच्या गिअरला यायचं असेल तर तिथं बरोबर मोजकी रेस द्यायची, मग क्लच पुन्हा दाबायचा आणि गिअर टाकायचा. डबल क्लच म्हणतात त्याला. रेस कमी-जास्त झाली की आतून असा आवाज येतो, की जणू पत्र्यावरून कुणी नांगर ओढतंय.

तो आवाज तुला सहन होत नसे. फौजेत तुमचा उस्ताद बाजूला बसायचा म्हणे, आणि दाते करकरले की काही न बोलता गाडी थांबवायला लावायचा. मग तुम्ही पाण्याचा कॅन डोक्यावर धरून गाडीभोवती चकरा मारायच्या, आणि तो गाडीच्या बोनेटवर हात फिरवत तिची समजूत काढायचा. तू हे सांगताना कधी हसला नाहीस. मला मात्र उस्ताद बोनेट कुरवाळताना डोळ्यांसमोर दिसायचा, आणि पुढं कित्येक लग्नांत मी तो करूनही दाखवला.

एकदा खामगाव रस्त्याला मी हट्टानं रणगाडा चालवायला घेतला. पहिलाच चढ आला आणि मी तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना दाते असे वाजवले की बाभळीवरचे बगळे उडाले. मला वाटलं तू शिव्या देशील. तू हातानं थांब म्हणालास, खाली उतरलास आणि रस्त्याच्या कडेला जाऊन पाठ करून उभा राहिलास. कुणाच्या घरी नवरा-बायकोचं भांडण सुरू झालं की पाहुणा जसा अंगणात जाऊन उभा राहतो, तसा. मी तीनदा हाका मारल्या. तू वळला नाहीस. शेवटी मी ड्रायव्हरच्या सीटवरून सरकून माझ्या जागेवर गेलो तेव्हा तू आलास, बसलास, आणि चिखली येईपर्यंत माझ्याशी बोलला नाहीस. रणगाड्याशी काही बोलला असशील तर मला कळलं नाही.

आपलं खरं भांडण हे नव्हतं. रणगाड्याला डबल क्लच लागतो हे मला मान्य होतं. पण तू माझ्या पिकअपमध्येही डबल क्लच मारायचास. मेहुण्याच्या नव्या कोऱ्या कारमध्येही. लग्नाच्या वरातीत नवरदेवाची गाडी तू चालवलीस तेव्हासुद्धा तुझा डावा पाय दोनदा खाली गेला, मी मागच्या सीटवरून पाहत होतो. मी म्हणायचो की या गाडीला त्याची काडीची गरज नाही, तू क्लच प्लेट उगाच झिजवतोस.

"गाडीले नसंल गरज," तू म्हणायचास. "मले हाय."

"कायची गरज हाय बे तुले?"

यावर तू बराच वेळ गप्प राहायचास, मग म्हणायचास, "मंधात जो थांबा येते ना, तो मले पाह्यजे. तेवढ्यात इंजन कोठी हाय आन् रस्ता कोठी हाय ते पाहून घेतो. मंग दोघाची भेट घालून देतो."

मी म्हणायचो, हे देवळात सांग, रस्त्यावर मागचा हॉर्न वाजवून राह्यला. आणि हे भांडण मिटलं नाही. तू गेलास तेव्हा डाव माझ्यावर होता, उत्तर मला द्यायचं होतं. अजून सुचलेलं नाही.

बोलतानाही तू तसाच. विचारलेलं आणि तुझं उत्तर यांच्यामध्ये एक न्यूट्रल असायचा. फोनवर लोकांना वाटायचं लाइन कटली. तू मुलगी पाहायला गेलास तेव्हा मी तुझ्यासोबत होतो. सुमनवहिनींच्या वडिलांनी तुला विचारलं, पोरगी पसंत आहे का, आणि तू थांबलास. इतका थांबलास की त्यांनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, फौजेत तोफेच्या आवाजानं याचे कान तर गेले नाहीत ना. तेवढ्यात तू "हाव" म्हणालास. आतल्या खोलीतून बांगड्या वाजल्या. वहिनी दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या, आणि त्यांनी नंतर मला सांगितलं की त्या थांबण्यात त्यांचे हातपाय गार पडले होते. पुढं त्यांना त्याची सवय झाली. त्या बोलायच्या, मग कणिक मळत, भाजी निवडत उत्तराची वाट पाहायच्या. तू उत्तर द्यायचासच. उशिरा, पण द्यायचास.

आणि माझा खेळ. रणगाड्याचा आवाज तोंडानं काढायचा. स्टार्टरपासून सुरुवात, मग पहिला, दुसरा, राजूर घाटाचा चढ, वळणावरचा हॉर्न, सगळं. बारशापासून बैठकीपर्यंत कुठंही लोक म्हणायचे, भाऊ, रणगाडा काढा. लोक पोट धरून हसायचे, तू तेवढा हसत नसायचास. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकायचास, आणि संपलं की जवळ येऊन म्हणायचास, "नाटक्या, दुसऱ्या वळणावर तू रेस कमी देल्ली." मी एकदा सोंग करता करता खाली पाहिलं, तर खुर्चीखाली तुझी डावी चप्पल दोनदा दबत होती.

आता दवाखाना.

तू रणगाड्याखाली निजून ग्रीस भरत होतास आणि तिथंच तुझं अर्धं अंग गेलं. उजवं. वाचाही गेली. बुलढाण्याला आणलं तेव्हा तुझे डोळे कधी उघडे, कधी मिटलेले, आणि उघडे असले तरी कुणावर टेकत नव्हते. डॉक्टर तरुण बाई होत्या, चांगल्या होत्या, काही लपवलं नाही त्यांनी. म्हणाल्या, मेंदूला मार मोठा आहे, दिवस थोडे आहेत. ऐकू येतंय की नाही, समजतंय की नाही, हे सांगता येत नाही. बोलून पाहा, पण उत्तराची आशा धरू नका.

सुमनवहिनी तुझ्या उशापाशी स्टुलावर बसून राहिल्या. तोंड पुसायच्या, ओठांना पाण्याचा बोळा लावायच्या, चादर सारखी करायच्या, पण तुझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. तुझा भाऊ बोलला, बहीण बोलली, मी तर काय, मी बाजारभावापासून सगळं सांगितलं. वहिनी नाही. मी त्यांना व्हरांड्यात नेऊन म्हणालो, "वहिनी, काहीतरी बोला त्याच्याशी. मागून वाटंल, बोललो असतो तर."

त्या म्हणाल्या, "काय बोलू भाऊजी? मी बोलीन, आन् मंग वाट पाहीन. सवय हाय मले. ते थांबतात, आन् मंग बोलतात. आता ते आतमधी नसतीनच, तं मी किती वाट पाहू?"

वीस माणसांच्या बैठकीत मला कुणी गप्प करू शकत नाही, पण त्या व्हरांड्यात वहिनींनी मला गप्प केलं. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती, प्रल्हाद. तू बरा होणार नाहीस हे मला कळलं होतं. पण तू जायच्या आधी तुझी बायको तुझ्याशी बोलायला हवी होती, आणि त्यासाठी तू आत आहेस हे तिला पटायला हवं होतं. मला स्वतःलाच पटलेलं नव्हतं.

मग दुपारच्या भेटीच्या वेळेला ते घडलं. त्या खोलीची खिडकी रस्त्यावर, आणि रस्त्याला चढ. खालून एक भरलेला ट्रक रडत-कण्हत चढत होता. तुझ्या पायाशी मी बसलो होतो. ट्रकवाल्यानं गिअर पाडला, आणि चादरीखाली तुझा डावा पाय खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला. मी चादर वर करून पाहिली. पाय शांत. मला वाटलं भास झाला. दुसरा ट्रक आला. पाय पुन्हा दोनदा.

ट्रकवाल्यानं एकदाच क्लच मारला होता, प्रल्हाद. नवी गाडी होती. दोनदा तू मारलास.

मी उठलो, इकडंतिकडं पाहिलं, आणि तुझ्या कानाशी वाकून रणगाडा काढला. अगदी हळू. स्टार्टर, मग पहिला. पाय दबला. तुझा उजवा पाय, रेस द्यायचा पाय, लाकडासारखा पडलेला होता, आणि माझ्या लक्षात आलं की आपलं काम आता वाटून घ्यायचं आहे. क्लच तुझ्याकडे, रेस माझ्याकडे. चढ लागल्यावर न्यूट्रलला मी घशातून आवाज चढवला, तुझा पाय दुसऱ्यांदा खाली गेला, आणि आपण तिसऱ्यातून दुसऱ्यात आलो. मी तुला मोताळ्याकडून राजूर घाट चढवला. माझ्या कपाळावरून घाम गळत होता.

शेजारच्या खाटेवर सुलतानपूरचा एक म्हातारा होता, बैलानं पाय मोडलेला. तो उशीवरून मान उचलून म्हणाला, "पाव्हणं, गाडी कोन्या रस्त्यानं जाऊन राह्यली?"

मी म्हणालो, बुलढाण्याला.

"मंग मले फाट्यावर उतरवजा," तो म्हणाला आणि पुन्हा आडवा झाला.

वहिनी हसल्या नाहीत. त्या तुझ्या पायाकडे पाहत होत्या. फेरीला डॉक्टरबाई आल्या तेव्हा वहिनींनीच त्यांना विचारलं. बाईंनी तुझ्या तळव्यावरून किल्ली ओढून पाहिली, मग म्हणाल्या, अशा आजारात नसा कधी कधी आपोआप हलतात, आवाजानंही हलतात. त्याचा अर्थ काढता येत नाही. वहिनींनी मान डोलावली आणि स्टूल होतं तिथंच ठेवून परत बसल्या. त्यांनी डॉक्टरांवर विश्वास ठेवला आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. माझ्यासारख्या बहुरूप्यावर कोण विश्वास ठेवेल?

म्हणून दुसऱ्या दिवशी मी चावटपणा केला. तुला पुन्हा चढाला लावलं. तिसऱ्यात आणलं, दम कमी होऊ दिला, तुझा पाय खाली गेला, वर आला, रेसची वाट पाहू लागला, आणि मी रेस दिलीच नाही. त्याऐवजी खामगाव रस्त्यावरचा आवाज काढला. पत्र्यावरून नांगर. दात आवळून, घशातून, जितका घाण काढता येईल तितका. म्हातारा दचकून उठून बसला.

तुझा पाय थांबला. मी पुन्हा नीट आवाज काढला, पहिल्यापासून काढला, घोटून तयार केलेला काढला. पाय हलला नाही. बाहेरून खरे ट्रक गेले. पाय हलला नाही. भेटीची वेळ संपेपर्यंत तू त्या खाटेवर माझ्याकडे पाठ करून उभा होतास, आणि मी तुला मनातल्या मनात हाका मारत होतो. इतका आनंद मला आयुष्यात कुणाच्या रागानं झालेला नाही.

मी वहिनींना म्हणालो, "नस रुसत नाही वहिनी. नवरा रुसते."

त्यांनी स्टूल खाटेला चिकटवून घेतलं. आणि डॉक्टरबाईंना हे मी जसंच्या तसं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, काका, मला यावरून काही ठरवता येणार नाही. पण थांबू नका. फक्त आवाज हळू काढा, बाकीचे पेशंट आहेत. इतका वेळ हसू दाबून धरलेला म्हातारा तेव्हा म्हणाला की बाकीच्या पेशंटची काही तक्रार नाही.

पुढच्या दुपारी मी तुला घरी न्यायला निघालो. तुझा श्वास त्या दिवशी सकाळपासून बदलला होता, घशात अडकून येत होता. घाट वगैरे नको, थेट घर, असं मी ठरवलं. मी आधी माफी मागितली. मग स्टार्टर मारला. बराच वेळ काही नाही. मग पाय दबला, आणि आपण बुलढाण्याच्या बाहेर पडलो.

चिखलीपर्यंतचा रस्ता मला झोपेतही म्हणून दाखवता येतो. चिखलीत माझं दुकान मागं टाकलं, अमडापूरच्या रस्त्याला लागलो, तो रस्ताही पाठ. गाव आलं. आणि तिथं माझी फजिती झाली. गावात शिरल्यापासून तुझ्या अंगणापर्यंतचा जो छोटा तुकडा आहे, त्यावर मी तुझ्याबरोबर कधीच नव्हतो. काम संपलं की मी चिखलीत उतरायचो, पुढं तू एकटा जायचास. तुझ्या घरी मी कित्येकदा आलो, पण माझ्या मोटारसायकलवर. तो तुकडा मी ऐकलेलाच नव्हता.

मी तिसऱ्यातच पुढं नेत राहिलो. तुझा पाय खाली गेला आणि वर आलाच नाही. दबलेलाच राहिला. मी आवाज कमी केला, वाढवला, ब्रेक लावला, काही उपयोग नाही. अंगठा थरथरत होता. मला पुढचं माहीत नाही हे तुला कळलं होतं, आणि तू क्लच दाबून थांबला होतास.

"तिथं उतार हाय भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "नाल्याचा. तिथं ते गिअर पाडतात."

"आवाज कसा येते?"

"मले काय विचारता?"

"तुम्हालेच माहीत हाय," मी म्हणालो. "मी कधी ऐकला नाही."

त्यांनी तो रोज ऐकला होता. चुलीपाशी बसून, इतकी वर्षं. नाल्यातून गाडीचा आवाज आला की त्या तवा ठेवायच्या, हे त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. त्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं भिंतीकडे तोंड केलं आणि डोक्यावरून पांघरूण ओढलं. मग वहिनी तुझ्या कानाशी वाकल्या आणि त्यांनी आवाज काढला.

माझ्या आवाजासारखा तो नव्हता. माझा आवाज गाडीत बसलेल्याचा. त्यांचा दुरून येणाऱ्या गाडीचा होता, भिंतींमधून आलेला, जवळजवळ गुणगुणल्यासारखा. तो आवाज खाली उतरला. तुझा पाय वर आला. तिथं, बरोबर तिथं, त्यांनी आवाज हलकाच उचलला, आणि तुझा पाय दुसऱ्यांदा खाली गेला. चादरीवर तुझा डावा हात चाचपडायला लागला. इतके दिवस तो हात हलला नव्हता. मला कळलं नाही तो काय शोधतोय. वहिनींना कळलं. त्यांनी आपली मूठ गिअरच्या दांड्यासारखी वळून तुझ्या तळव्याखाली दिली. तू ती धरलीस आणि आपल्याकडे ओढलीस.

आणि वहिनी तुझ्याशी बोलल्या.

"नाल्यात पानी नाही यंदा," त्या म्हणाल्या. "या सरळ."

मग पुन्हा आवाज. मग, "हळू. गोठ्याचं दार उघडं हाय." मग थोडा आवाज, अगदी थोडा. "आलं. करा बंद."

त्यांनी आवाज बंद केला. खोलीत काही वाजत नव्हतं. आणि तुझा पाय पुन्हा एकदा खाली गेला, तू वहिनींची मूठ पुढं ढकललीस, आणि पाय सावकाश वर आला. वहिनी घाबरून माझ्याकडे पाहायला लागल्या. त्यांना वाटलं तुला झटका आला. मी म्हणालो, "काही नाही वहिनी. गाडी घसरू नये म्हणून गिअरमधी लावली त्यानं. पहाडात शिकवतात तसं. हँडब्रेकवर भरवसा ठेवत नाही तो."

त्या हसल्या. त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा. तुझा हात त्यांच्या मुठीवर तसाच होता, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं, पण त्यांनी हात काढून घेतला नाही. दुसऱ्या हातानं पदर तोंडाला लावला, आणि मग पदर खाली घेऊन तुला म्हणाल्या, "हात धुऊन घ्या."

मी उठलो. माझं काम संपलं होतं. पांघरुणातून म्हातारा म्हणाला, "पाव्हणं, मी झोपलो हावो," म्हणजे माझ्याकडून अडचण नाही. मी दार लोटून व्हरांड्यात आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास. पाय त्यानंतर हलला नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या तेच खरं असेल, नसांचं काम असेल, मी शपथेवर काही सांगू शकत नाही. रणगाडा तुझ्या अंगणात उभा आहे. काल तुझा भाऊ मला विचारत होता, आता हा चालवणार कोण. मी म्हणालो, मला विचारू नका, माझ्या हातात हा उतारावरसुद्धा ओरडतो. तुझं माझं भांडण तसंच राहिलं आणि मला ते मिटवायचं नाही. तुझ्याशी भांडायला मला काहीतरी हवं आहे.

पण त्या दुपारचं तुला सांगायचं राहिलं, कारण तू आत होतास आणि मी बाहेर. दार नीट लागत नव्हतं, एक फट राहायची. मी कान दिला नाही, शब्द मला ऐकू आले नाहीत, येऊ नयेत म्हणून मी जिन्यापर्यंत दूर गेलो. फक्त वहिनींचा आवाज येत होता. त्या काहीतरी बोलायच्या आणि थांबायच्या. बराच वेळ थांबायच्या. प्रत्येक वेळी मला वाटायचं, झालं, आता त्या उठतील, आता दार उघडेल. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहायचो. आणि मग आतून त्या पुन्हा बोलायला लागायच्या, जणू मधल्या वेळात काही उत्तर आलं असावं, आणि त्यावर आता त्यांना आणखी काही म्हणायचं असावं.